अप्पांची मांडी

“मांडी कधी घालता येईल, तेवढं सांगा.”

गुरुसिद्धप्पा धनशेट्टींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ते डाव्या कुशीवर होते, तोंड भिंतीकडे, आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून जखम पाहत होते. माकडहाडावर तळहाताएवढा खड्डा पडला होता. कडा काळ्या, तळाशी पिवळट थर, आणि मधोमध एक पांढरा ठिपका. ते हाड होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर घरी कित्येक दिवस एकाच अंगावर पडून राहिल्याने शरीराच्या भाराखाली कातडी मेली होती, आणि मग मांस. आमच्या भाषेत शय्याव्रण. वॉर्डात सगळे त्याला बेडसोर म्हणत.

“आधी उभं राहायचं बघू, अप्पा,” मी म्हणाले. “मग चालायचं.”

“चालून कुठं जायचंय?” ते भिंतीला म्हणाले. “मांडीचं बोला.”

लिंबाजीमामा पट्टीचे सामान घेऊन उभे होते. जुन्नरकडचे हे गृहस्थ त्या वॉर्डातले सर्वांत जुने सेवक. ते म्हणाले, “मांडी घालून काय पंगतीला बसायचंय व्हय, अप्पा?”

“बसायचंय की. तुम्ही वाढपी.”

शिरूरच्या बाहेर, उघड्या माळावर बांधलेल्या त्या शुश्रूषा केंद्रात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. घरी ज्यांचे करणे शक्य नाही अशी म्हातारी माणसे तिथे येत आणि बहुधा तिथेच संपत. अप्पा सोलापूरकडच्या मंद्रूपचे. किराणा दुकानाच्या गादीवर त्यांचा जन्म गेला होता. मुलगा इरण्णा रांजणगावच्या कारखान्यात अधिकारी, म्हणून त्यांना इकडे आणले होते. गादीवर बसणाऱ्या माणसाला मांडीची ओढ असणारच, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि कामाला लागले.

काम सरळ होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, हवेच्या गादीवर ठेवायचे, माकडहाडावर भार येऊ द्यायचा नाही. पडून राहिलेले सांधे आखडतात म्हणून मी रोज त्यांचे पाय हलवून घेई. घोटा, गुडघा, मग खुबा. उजवी बाजू लुळी पडली होती आणि उजवा गुडघा अर्ध्यातच अडे. त्या जागी मी थांबे, वाट पाही, स्नायू सैल पडला की केसभर पुढे जाई. अप्पा दात आवळून धरत. गळ्यातल्या दोऱ्याला इष्टलिंगाची चांदीची लहानशी डबी होती, ती डाव्या मुठीत घट्ट धरत. पण थांबा असे त्यांनी कधी म्हटले नाही.

“आज किती झालं?”

“कालपेक्षा बोटभर जास्त.”

“बोट कुणाचं? तुमचं का मामाचं?”

कूस बदलताना मात्र त्यांची कुरकुर चाले. “पोतंबी असं उलथत नाहीत, मामा. शिवण उसवती.”

“तुमची उसवलेलीच हाय,” मामा त्यांच्या पाठीशी उशी सारत म्हणत. “आमी टाकं घालतोय.”

इरण्णा रविवारी येई. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन तो वडिलांच्या उशाशी बसे, डाव्या हाताला धरून गावाकडच्या बातम्या सांगे. चाळिशीच्या पुढचा, अबोल, स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस. एकदा मी त्याला म्हटले, “इकडे पायाशी या. तुम्हाला शिकवून ठेवते. पुढेमागे घरी नेलंत तर उपयोगी पडेल. गुडघ्याखाली असा हात घालायचा.”

तो उठला, दोन पावले पुढे आला आणि थांबला. अप्पांचा गुडघा माझ्या हातात होता. त्याने त्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

“ते तुम्हीच करा,” तो म्हणाला. “मला ते जमत नाही.”

“अवघड नाही हो.”

“राहू द्या, ताई,” अप्पा मधेच म्हणाले. “त्याला नका लावू.”

बापाच्या पायाला हात लावायची किळस येते, असे मला वाटले. अशी मुले मी तोवर पुष्कळ पाहिली होती.

फाल्गुनात जखम भरू लागली. पिवळा थर गेला, खाली लाल, ओलसर मांस दिसू लागले. डॉक्टर सबनीस सहसा कुणाचे कौतुक करत नसत, पण त्या दिवशी ते पट्टी बांधता बांधता म्हणाले, “चांगलं चाललंय.” त्याच आठवड्यात एका दुपारी मी जेवून वॉर्डात आले, तर अप्पा पलंगावर बसलेले होते. मांडी घालून, पाठ भिंतीला टेकून. डावा पाय पुरता दुमडला होता, उजवा कसाबसा त्याखाली सारला होता. चेहरा पांढराफटक पडला होता, घामाने डबडबला होता, आणि त्यावर हसू होते.

शेजारी लिंबाजीमामा त्यांच्या खांद्याला आधार देऊन उभे होते.

“मामा, हे काय?”

“चार दिस झालं मागं लागलं होतं. म्हटलं, घटकाभर बसतील. रडाया लागलं हो, बाई.”

“ताई,” अप्पा म्हणाले, “बघा की. बसली.”

आम्ही त्यांना आडवे केले तेव्हा पट्टी रक्ताने भिजली होती आणि चादरीवर डाग उतरला होता. भरत आलेले मांस फाटून जखम पुन्हा हाडापर्यंत उघडी पडली होती.

डॉक्टरांनी मामांना काही म्हटले नाही. हात धुताना ते माझ्याशीच बोलले. “वाकवणं बंद. गुडघे नाहीत, खुबे नाहीत. मांडी घातली की माकडहाडावर सगळा भार येतो आणि कातडी ताणली जाते. जखम भरेपर्यंत पाय सरळ.”

“तोवर सांधे आखडतील, डॉक्टर.”

“आखडू देत. आखडलेल्या गुडघ्यांनी माणूस मरत नाही. या जखमेनं मरतो.”

हे अप्पांनी ऐकले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही चमचा ओठांना लावला की मान फिरवू लागले. मी खुर्ची ओढून त्यांच्या तोंडासमोर, भिंतीच्या बाजूला जाऊन बसले.

“तुम्हाला जखम बरी करायचीच नाही का, अप्पा?”

“जखम मातीत कोण बघायला येणाराय?”

“असलं बोलू नका.”

“मग कसलं बोलू?” ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आपल्या मालाची किंमत या गिऱ्हाइकाला कळेल की नाही, याचा अंदाज घेतल्यासारखे. मग म्हणाले, “तुमच्यात मेल्यावर माणसाला निजवून नेतात. आमच्यात बसवून नेतात, ताई. मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. खड्ड्यातबी बसवूनच ठेवतात. ध्यानाला बसल्यागत.”

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

“माझी घरवाली, गौरव्वा. वर्ष-दोन वर्षं पडून होती. घरातच. पाय आखडून पोटाशी गेले तिचे, पाठीला बेडसोर. असं हलवून घ्यायचं असतं, हे आम्हाला कुठं ठाऊक? ती गेली तेव्हा मी स्वामींना बोलवायला मठात गेलो. स्वामी पूजेत होते. बसून राहवंना, म्हणून परत आलो. तर खोलीचं दार लावलेलं. आत चौघं होती, घरचीच. कडीला हात घालणार, तेवढ्यात आवाज आला.”

“कसला?”

“वाळल्या तुरीची काडी मोडल्यावर येतो तसला.” ते थांबले. “मग थोड्या वेळानं परत एकदा. पाय दोन असतात माणसाला.”

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होते.

“आत गेलात तुम्ही?”

“नाही. तसाच मागं फिरलो. मठात गेलो आणि स्वामींच्या संगट नव्यानं आलो. तोवर ती बसली होती. इरकली नेसवलेली, हार घातलेला. मी नमस्कार केला. मी ऐकलं, हे कुणालाच ठाऊक नाही. तुम्हीबी सांगायचं नाही. डॉक्टरला नाही, मामाला नाही. इरण्णाला तर नाहीच नाही.”

“त्यांना सांगायला काय हरकत आहे? उलट त्यांना कळलं तर…”

“इरण्णाला नाही,” ते म्हणाले. “मला माझ्या मांडीनं जायचंय. कुणाला काही करायला लागू नये. आता द्या ती पेज.”

त्यांनी पेज घेतली. संध्याकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“धनशेट्टींचे पाय मला हलवू द्या. बसवणार नाही. कुशीवर ठेवून, एकेक पाय. माकडहाडाला भार लागणार नाही.”

“कशासाठी? तो माणूस चालणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.”

“त्यांना हवंय.”

“का?”

“ते सांगू नका म्हणालेत.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “एक पाय तुम्ही वाकवाल तेव्हा सगळं वजन दुसऱ्या खुब्यावर जाईल. तिथली कातडी किती पातळ झालीय, पाहिलीत?”

“पाहिलीय.”

“त्यांना कळतंय का हे?”

“माझ्यापेक्षा जास्त.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “कुशीवरच. आणि एकेकच.”

मी तसेच करत राहिले. डाव्या कुशीवर ठेवून उजवा पाय, उजव्या कुशीवर ठेवून डावा. गुडघा छातीकडे, तिथून बाहेर. अप्पांचे शरीर दिवसेंदिवस उतरत गेले. दंड माझ्या मनगटाएवढे झाले, बरगड्या मोजता येऊ लागल्या. पण गुडघे मोकळे होत गेले. माणसाचे बाकी सगळे मिटत असताना दोन सांधे उघडत जावेत, असे मी त्याआधी पाहिले नव्हते.

चैत्र लागला तेव्हा डाव्या खुब्यावर लालसर चकंदळ उठले. बोटाने दाबले तरी लाली जाईना. मामांनी कूस बदलण्याच्या वेळा आणखी जवळ आणल्या, तरी ते चकंदळ काळे पडले आणि फुटले. मग उजव्या घोट्याला एक झाले. एका जागेला विसावा द्यावा तर भार दुसरीकडे जाई, आणि भार घ्यायला शरीरावर आता जागाच उरली नव्हती. ताप येऊ लागला. खोलीत शिरताच वास येई. डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात हलवायचे सुचवले.

इरण्णाने वडिलांच्या कानाशी जाऊन विचारले. अप्पा म्हणाले, “इथंच बरंय. ताई हाय इथं.”

इरण्णाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग होता की आभार, ते मला कळले नाही. त्याला कंपनीच्या कामासाठी चेन्नईला जावे लागणार होते. तो दारापर्यंत गेला, परत आला, वडिलांच्या कपाळाला विभूती लावली आणि गेला.

त्यानंतरच्या एका दुपारी मी पाय हलवून पांघरूण घालत होते, तेव्हा अप्पांनी डोळे उघडले.

“बसंल का आता?”

“बसेल, अप्पा. दोन्ही पाय सहज जातात.”

“खरं सांगा. माप मारू नका.”

“तोळाभरही कमी नाही.”

त्यांनी डोळे मिटले. माझ्याशी झालेले त्यांचे हे शेवटचे बोलणे.

ते पहाटे गेले. मी सकाळी कामावर आले, तेव्हा लिंबाजीमामा वॉर्डाच्या दाराशीच उभे होते. डोळे लाल, पण चेहऱ्यावर काम नीट पार पडल्याचे समाधान.

“शांत गेले, बाई. जवळ कुणीच नव्हतं, म्हणून मीच समदं केलं.”

अप्पांना अंघोळ घातलेली होती. केस विंचरलेले, तोंडात तुळशीपत्र, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली पट्टी. ते उताणे निजले होते. हात पोटावर. पाय काठीसारखे सरळ, आणि दोन्ही पायांचे अंगठे पांढऱ्या पट्टीने एकत्र बांधलेले.

“पाय लगीच सरळ केलं,” मामा म्हणाले. “उशीर झाला तर वाकडंच राहत्यात. इथं मरणाऱ्याचं कुणी नसतं वेळेवर. मीच बांधतो समद्यांचं.”

मी पट्टी सोडली आणि गुडघ्याखाली हात घातला. पाय हलला नाही. पायाबरोबर सगळे शरीर हलले. आमच्याकडचा उन्हाळा आणि अंगावर मांस नाही. काही तासांतच मरणाचा ताठरपणा पुरता भरला होता.

“काय झालं?” मामांनी विचारले.

“यांच्यात बसवतात, मामा. मांडी घालून.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या पट्टीकडे गेली. “मला कुणी बोललं नाही,” ते हळू म्हणाले, आणि भिंतीशी खाली बसले.

इरण्णाचा फोन बंद लागत होता. कार्यालयाने पहाटेच त्याला कळवले होते, आता तो परतीच्या विमानात होता. नातेवाईक येईपर्यंत देह हलवायचा नाही, असा कार्यालयाचा नियम. मी पलंगाशेजारी उभी राहिले. इरण्णा दुपार होण्याआधी पोचला. त्याच्यासोबत मंद्रूपहून गाडी घेऊन आलेला चुलतभाऊ होता. मठातून त्यांना फोन आला होता, देह बसवूनच गावात आणा म्हणून. इरण्णाने वडिलांच्या छातीवर हात ठेवला आणि मग त्यांचे पाय पाहिले.

“हे कुणी केलं?”

मामा पुढे आले. “मी केलं, साहेब.”

चुलतभावाने एक गुडघा वाकवून पाहिला, मग सोडून दिला. “तसंच नेऊ, इरण्णा. गावात माणसं हायेत. बसवतील कसंबी.”

“नाही.”

“गौरव्वाकाकूच्या वेळी नव्हतं का…”

“नाही म्हटलं ना,” इरण्णा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

“मी करते,” मी म्हणाले. “हा ताठरपणा स्नायूंचा आहे, सांधे मोकळे आहेत. सावकाश घेतलं तर सुटेल. वेळ लागेल. काही मोडणार नाही.”

त्याने झटकन माझ्याकडे पाहिले. मग तो खोलीबाहेर गेला, आणि चुलतभाऊ त्याच्या मागे. दार मी लावून घेतले.

“मामा, गरम पाणी आणा. आणि टॉवेल.”

“माझा हात नको आता लागायला, बाई.”

“तुमच्याशिवाय होणार नाही. आणा.”

आम्ही ओले गरम टॉवेल मांड्यांना गुंडाळले, निवले की बदलले. मग घोट्यापासून सुरुवात केली. मामांनी कंबर धरली, मी एक हात गुडघ्याखाली आणि एक टाचेवर ठेवला आणि वाट पाहू लागले. जिवंत पाय कधीतरी सैल पडतो, कारण त्यातला माणूस विश्वास टाकतो. इथे तसे काही होणार नव्हते. इथे फक्त माझे वजन होते आणि वेळ. कितीतरी वेळ काहीच घडले नाही. माझ्या कपाळावरचा घाम त्यांच्या नडगीवर पडत होता. मग मांडीच्या मागचा स्नायू, ओला दोर उलगडावा तसा, किंचित सुटला. मी तिथेच थांबले. पुन्हा थोडा. मामा काहीतरी पुटपुटत होते. देवाचे नाव असावे, किंवा अप्पांची माफी. उजवा गुडघा वाकला तेव्हा बाहेर ऊन कलले होते. डाव्याला तेवढा वेळ लागला नाही. शेवटी आम्ही त्यांना भिंतीला टेकवून बसवले, खुबे बाहेर वळवले आणि एक पाय दुसऱ्यावर घेतला. पाय आपल्या जागी गेले. पट्टीतून थोडे पाणी झिरपले, तेवढेच. मामांनी ते पुसून घेतले, पांढरे धोतर गुडघ्यांवरून सारखे केले आणि पाण्याची बादली उचलून बाहेर गेले.

इरण्णा एकटाच आत आला. तो दाराशी उभा राहून पाहत राहिला. मग जवळ येऊन गुडघे टेकून बसला, आणि माझ्यासमोर प्रथमच त्याने वडिलांच्या गुडघ्यावर तळहात ठेवला. दुसऱ्या हाताने त्याने डबीतून लिंग काढले आणि त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले.

“आवाज आला नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“मी दाराला कान लावून उभा होतो.” त्याचा तळहात अजून गुडघ्यावरच होता. “आईच्या वेळी गुडघ्यावर मी होतो, मॅडम. बाकीच्यांनी खांदे धरले होते. मीच दाबलं. एक झाल्यावर कुणीतरी म्हणालं, दुसरापण तूच घे, तुला सवय झाली.”

मी ओले टॉवेल गोळा करू लागले.

“अप्पा तेव्हा मठात गेले होते. तेवढं एक बरं झालं. त्यांना कधी कळलं नाही.” त्याने मान वर केली. “तुमच्याशी रोज बोलायचे. आईबद्दल कधी काही म्हणाले का?”

“दुकानाबद्दलच बोलायचे,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली. बाहेर गाडीचे मागचे दार उघडल्याचा आवाज आला. मी अप्पांच्या एका बाजूला गेले, तो दुसऱ्या. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, हात कुठे घालायचा. मी दाखवले, आणि आम्ही त्यांना उचलले.